समन केलेला मॉब साधाच येतो, अर्धवट येतो किंवा गायब होतो: कारण कसं शोधायचं

माइनक्राफ्टमध्ये कमांडने मनासारखा मॉब (गेममधला प्राणी, शत्रू किंवा गावकरी) बनवायला घेतला की एक तक्रार हमखास येते, फक्त दर वेळी वेगळ्या रूपात. कुणाची कमांड लाल अक्षरांत अडते. कुणाची बिनतक्रार चालते, पण चिलखत घातलेल्या राजाऐवजी साधा झॉम्बी समोर उभा राहतो. कुणाचा राजा अगदी हवा तसा येतो आणि नकाशात एक फेरी मारून परत यावं तर जागेवर नसतो. लोक मग इंटरनेटवरून दुसरी कमांड उचलतात, ती चालते, आणि गेम अपडेट झाला की तीही बंद पडते.

तयार कमांड शोधत राहिलात तर हे चक्र थांबणार नाही. प्रत्येक आवृत्तीत काही नावं बदलतात, आणि इंटरनेटवर सापडणारी बहुतेक लांबलचक कमांड तुमच्या आवृत्तीसाठी लिहिलेली नसते. तुमच्या आवृत्तीत नेमकं काय चालतं हे गेमलाच विचारता येतं. ती पद्धत एकदा हाताला बसली की बाकीचे बिघाड पटापट ओळखू येतात, म्हणून खाली तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

एक खुलासा. कमांड, टॅग आणि आकडे गेममध्ये इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे असतात. इथे सगळी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. जिथे मोठ्या-लहान अक्षरांमुळे फरक पडतो तिथे ते वेगळं सांगितलं आहे.

आधी आवृत्ती कोणती ते पाहा

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आणि बेडरॉक आवृत्ती दिसायला सारख्या असल्या तरी मॉब बोलावणारी समन कमांड दोन्हीकडे पार वेगळी आहे. जावामध्ये मॉबचं नाव आणि जागा दिल्यावर महिरपी कंसात त्याची सगळी माहिती लिहिता येते: नाव, शस्त्र, चिलखत, जीव, वेग, सगळं. या माहितीला एनबीटी म्हणतात, आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला टॅग. बेडरॉकच्या समनमध्ये एनबीटीची सोयच नाही. मोबाइल, कन्सोल किंवा विंडोजच्या बेडरॉकवर महिरपी कंसाची कमांड टाकली की त्या पहिल्या कंसावरच सिंटॅक्स एरर येतो. तुमची चूक कंसाच्या आतल्या मजकुरात शोधत बसू नका. तो कंसच तिथे चालत नाही.

बेडरॉकवर मग काय करता येतं? आताच्या आवृत्त्यांत मॉबचं नाव, जागा, दोन दिशांचे कोन, त्यानंतर एक स्पॉन इव्हेंट (मॉब कोणत्या रूपात यावा हे सांगणारा शब्द) आणि शेवटी मॉबला द्यायचं नाव, या क्रमाने कमांड लिहिली जाते. क्रीपरला "माइनक्राफ्ट:बिकम_चार्ज्ड" हा इव्हेंट दिला की तो विजेचा क्रीपर होऊन येतो. शस्त्र-चिलखत नंतर रिप्लेसआयटम कमांडने, ताकद किंवा वेग इफेक्ट कमांडने, स्वारी राइड कमांडने. यापुढचं काही हवं असेल, म्हणजे शंभर जीव असलेला किंवा हल्ल्याची पद्धतच बदललेला मॉब, तर बिहेवियर पॅक (मॉबची वागणूक ठरवणाऱ्या फाइलींचा संच) बनवावा लागतो, त्याला पर्याय नाही. शिवाय बेडरॉकमध्ये चीट्स चालू केले की त्या जगात अचिव्हमेंट मिळत नाहीत, त्यामुळे प्रयोग जगाच्या प्रतीवरच करा. निवडकांतही (कमांड कोणत्या मॉबवर चालवायची ते सांगणाऱ्या भागातही) फरक आहे: सर्वांत जवळचा एक मॉब निवडायला बेडरॉकमध्ये "सी=१" लिहितात, जावामध्ये "लिमिट=१" आणि "सॉर्ट=निअरेस्ट".

इथून पुढचं सगळं जावाबद्दल आहे.

लाल अक्षरं आली तर बरंच आहे

कमांड अडली की वाईट वाटतं खरं, पण लाल संदेश हा सर्वांत सोपा बिघाड आहे, कारण गेम बोट दाखवून सांगतो. २०१८ च्या १.१३ आवृत्तीपासून चूक जिथे सापडली तिथे बाण आणि "हिअर" असा शब्द येतो. चूक त्या बाणाच्या जरा आधी असते. कंस बंद करायचा राहिला, स्वल्पविराम सुटला, अवतरणचिन्ह एकच पडलं, यांतलं काहीतरी.

दोन कारणं मात्र नजरेला चटकन दिसत नाहीत. पहिलं, चॅटची मर्यादा. चॅटच्या चौकटीत २५६ अक्षरंच मावतात. त्याहून लांब कमांड पेस्ट केली की शेपूट कापलं जातं आणि गेम म्हणतो, बंद कंस सापडत नाही. कमांडमध्ये कंस असतो, फक्त तो चौकटीत शिरलेलाच नसतो. अशी कमांड कमांड ब्लॉकमध्ये (कमांड साठवून चालवणाऱ्या ब्लॉकमध्ये) टाका, तिथे ३२,५०० अक्षरांपर्यंत जागा आहे. दुसरं कारण वाकड्या अवतरणचिन्हांचं. फोनवरच्या नोंदवहीतून किंवा लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून कमांड आणली असेल तर सरळ अवतरणांची जागा गोलसर अवतरणांनी घेतलेली असते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, गेमला मात्र फक्त सरळ समजतात. कमांड नेहमी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा.

आणि कमांडच ओळखली जात नसेल तर जगात कमांडची परवानगी बंद असते, किंवा सर्व्हरवर तुम्हाला ऑपरेटरचा हक्क नसतो. त्यात मॉबचा काही दोष नाही.

कमांड चालली, पण मॉब साधाच आला

लोकांचे तासन्‌तास खाणारा बिघाड हा आहे. गेम म्हणतो, नवा झॉम्बी आला. येतोही. पण हातात तलवार नाही, डोक्यावर नाव नाही, आणि चूक झाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

कारण असं की एनबीटीमध्ये लिहिलेला टॅग गेमला ओळखता आला नाही तर तो तक्रार करत नाही, टॅग गुपचूप सोडून देतो. कंस-स्वल्पविराम बरोबर असले की व्याकरण पास झालं. टॅगचं नाव खरं आहे का, याची तपासणी होतच नाही. म्हणजे "सायलेंट"चं पहिलं अक्षर लहान लिहिलं तर मॉब आवाज करत राहणार, आणि "नोएआय"मधलं एक अक्षर चुकलं तर मॉब अंगावर येणार. मोठ्या-लहान अक्षरांचा नियमही एकसारखा नाही. क्रीपरचंच पाहा: "एक्स्प्लोजनरेडियस" आणि "फ्यूज" यांचं पहिलं अक्षर मोठं, पण विजेचा क्रीपर करणारा "पॉवर्ड" पूर्ण लहान अक्षरांत. तर्काने हे काढता येत नाही, बघूनच लिहावं लागतं.

आता आवृत्त्यांबद्दल. मॉब साधा येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असल्याने कोणत्या वेळी काय बदललं ते ठाऊक असावं. १.११ मध्ये (नोव्हेंबर २०१६) मॉबची नावं लहान अक्षरांत आणि अंडरस्कोर घालून लिहायची पद्धत आली. त्याआधीची मोठ्या अक्षरांची नावं तेव्हापासून चालत नाहीत. १.१६ मध्ये (जून २०२०) झॉम्बी पिगमनचं नाव झॉम्बिफाइड पिगलिन झालं, आणि गुणधर्मांच्या (कमाल जीव, वेग यांसारख्या ॲट्रिब्यूटच्या) नावांतल्या मधल्या मोठ्या अक्षरांच्या जागी अंडरस्कोर आले. मालक दाखवणारे टॅगही तेव्हाच बदलले: पाळीव लांडग्याच्या मालकाची ओळख आधी अक्षरांच्या मालिकेत लिहिली जायची, आता चार पूर्णांकांच्या यादीत लिहितात. १.२०.२ मध्ये (सप्टेंबर २०२३) "ॲक्टिव्हइफेक्ट्स" जाऊन "ॲक्टिव्ह_इफेक्ट्स" आला आणि इफेक्टच्या क्रमांकाऐवजी नाव लिहायचं ठरलं.

त्यानंतरचे बदल जास्त जाचक आहेत, कारण ते एका वर्षात ओळीने आले. १.२०.५ ने (एप्रिल २०२४) वस्तूंची मांडणीच बदलली: वस्तूतला "टॅग" हा भाग गेला, त्या जागी "कंपोनंट्स" आले, आणि "काउंट"चं पहिलं अक्षर लहान झालं. १.२१ मध्ये (जून २०२४) गुणधर्मांच्या यादीचं नाव लहान अक्षरांत आलं, आतलं "नेम" हे "आयडी" झालं आणि "बेस"चं पहिलं अक्षर लहान झालं. १.२१.२ मध्ये (ऑक्टोबर २०२४) "जेनेरिक." हा उपसर्ग उडाला, म्हणजे "जेनेरिक.मॅक्स_हेल्थ" ऐवजी नुसतं "मॅक्स_हेल्थ". आणि १.२१.५ मध्ये (मार्च २०२५) "हँडआयटम्स" व "आर्मरआयटम्स" या दोन्ही याद्या जाऊन "इक्विपमेंट" असा एकच टॅग आला, ज्यात मेनहँड, ऑफहँड, हेड, चेस्ट, लेग्ज, फीट अशी जागांची नावं लिहायची. म्हणून २०२३ च्या व्हिडिओतली तलवारधारी झॉम्बीची कमांड आजच्या आवृत्तीत रिकाम्या हाताचा झॉम्बी आणते, तेही एका शब्दाची तक्रार न करता.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. जुन्या जगात आधीच उभा असलेला राजा अपडेटनंतरही शाबूत असतो, आणि शेजारच्या कमांड ब्लॉकमधून आलेला नवा राजा साधा निघतो. मग जग बिघडलं असं वाटतं. जगात साठवलेले मॉब उघडताना गेम स्वतः नव्या मांडणीत बदलून घेतो. कमांड ब्लॉकमध्ये लिहिलेल्या मजकुराला तो हात लावत नाही. जग ठीक आहे, कमांड जुनी आहे.

गेमलाच विचारायची पद्धत

सपाट जग उघडा, क्रिएटिव्हमध्ये या, अडचणीची पातळी इझी ठेवा आणि एक साधा, न हलणारा झॉम्बी बोलवा:

/समन झॉम्बी ~ ~ ~ {नोएआय:१बी,पर्सिस्टन्सरिक्वायर्ड:१बी,टॅग्ज:["चाचणी"]}

नोएआयमध्ये एन, ए, आय ही तिन्ही अक्षरं मोठी. पर्सिस्टन्सरिक्वायर्डमध्ये पी आणि आर मोठी. टॅग्जमध्ये टी मोठा; मॉब नंतर शोधता यावा म्हणून त्याची खूण इथे लिहितात. "चाचणी" या शब्दाच्या जागी रोमन लिपीतला साधा शब्द वापरा. समनमध्ये अवतरणात देवनागरी टाकता येईल, पण नंतर निवडकात त्याच टॅगने मॉब शोधताना देवनागरी अक्षरं स्वीकारली जात नाहीत.

आता या झॉम्बीला हवं ते सगळं एनबीटीशिवाय, गेमच्या इतर कमांडनी द्या. तलवार आणि शिरस्त्राण आयटम रिप्लेस कमांडने. वेग किंवा आगीपासून संरक्षण इफेक्ट गिव्हने. जीव आणि आकार ॲट्रिब्यूट कमांडने. नाव मात्र खऱ्या नेमटॅगने, ऐरणीवर नाव लिहून. या कमांड टाइप करताना गेम पुढचे पर्याय सुचवत जातो, त्यामुळे नावं चुकण्याची भीती नाही. यादीत दिसतं तेच तुमच्या आवृत्तीत चालतं.

झालं की विचारा:

/डेटा गेट एंटिटी @ई[टॅग=चाचणी,लिमिट=१]

गेम त्या झॉम्बीची सगळी माहिती चॅटमध्ये ओततो, अगदी तुमच्या आवृत्तीच्या मांडणीत, मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. हातातली तलवार कुठल्या टॅगखाली आहे, नाव कसं लिहिलंय, गुणधर्मांची यादी कशी दिसते, सगळं समोर. हे इतकं लांब असतं की चॅटमध्ये वाचणं जड जातं, म्हणून कमांडच्या शेवटी हवा तो टॅग लिहून तेवढाच भाग मागवा, उदाहरणार्थ फक्त "इक्विपमेंट" किंवा फक्त "ॲट्रिब्यूट्स". कॉपी करायचं असेल तर गेमच्या फोल्डरमधल्या लॉग्ज फोल्डरात लेटेस्ट नावाची फाइल असते, चॅटच्या ओळी तिच्यात उतरतात.

त्यातून हवे ते तुकडे उचलून समन कमांडमध्ये एकेक करून जोडा. प्रत्येक तुकड्यानंतर चालवून पाहा. चौथा तुकडा जोडल्यावर बिघडलं तर दोष चौथ्यात आहे, पहिले तीन निर्दोष. सगळी कमांड एकदम लिहून मग दोष शोधणं म्हणजे तयार भिंतीतली एक कच्ची वीट ठोकून ठोकून शोधणं.

जीव वाढवला तरी वाढत नाही

हा प्रश्न वेगळा काढायला हवा, कारण इथे टॅगचं नाव बरोबर असूनही फसगत होते. झॉम्बीचा कमाल जीव २०. तुम्ही "हेल्थ" २०० दिलंत तर गेम कमाल पाहतो आणि ते २० वर आणून ठेवतो. उलट, फक्त "मॅक्स_हेल्थ" २०० केलंत तर कमाल २०० होते, पण मॉब जन्माला येताना त्याच्याकडे जुनेच २० असतात, आणि राजा दोन-चार घावांत मरतो. दोन्ही एकाच कमांडमध्ये लिहायचे: गुणधर्मांच्या यादीत कमाल २००, आणि वेगळा टॅग म्हणून "हेल्थ" २००एफ. कमाल जीवाची वरची मर्यादा १०२४ आहे. त्यापुढचा आकडा लिहून उपयोग नाही. त्याहून कणखर शत्रू हवा असेल तर आर्मर वाढवा किंवा रेझिस्टन्स इफेक्ट द्या.

वेगाच्या बाबतीत लोक हात सैल सोडतात. झॉम्बीचा मूळ वेग ०.२३ आहे. त्याचा १ केला तर चौपटीहून जास्त होतो आणि मॉबला वळणं घेताच येत नाहीत. ०.३ ते ०.३५ मध्येच तो अंगावर येतोय असं जाणवतं, आणि खेळाडूला लढायची संधीही उरते. आकाराचा "स्केल" गुणधर्म १.२०.५ पासून आहे, ०.०६२५ पासून १६ पर्यंत. त्याआधी लोक जायंट नावाचा मॉब वापरायचे, पण त्याला स्वतःची बुद्धीच नाही, तो नुसता उभा राहतो. आता साधा झॉम्बी मोठा करा, तो पाठलागही करेल आणि मारेलही.

इफेक्ट देताना पातळी शून्यापासून मोजतात हे लक्षात असू द्या: ॲम्प्लिफायर १ म्हणजे दुसरी पातळी. १.१९.४ पासून न संपणारा इफेक्ट देता येतो. कमांडमध्ये "इन्फिनिट" लिहायचं आणि एनबीटीत कालावधी -१.

आकड्यांच्या याद्यांत अजून एक खाच. हालचालीच्या "मोशन" टॅगमध्ये दशांश आकडे लागतात. [०,१,०] असे पूर्णांक दिले तर बऱ्याच आवृत्त्यांत मॉब जागचा हलत नाही, [०.०,१.०,०.०] लिहिलं की उडी घेतो.

नाव विचित्र दिसतं

मॉबच्या डोक्यावर कंसासकट "टेक्स्ट" वगैरे मजकूर तरंगत असेल तर तुम्ही १.२१.५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत जुन्या पद्धतीने नाव लिहिलं आहे. १.१३ पासून १.२१.४ पर्यंत "कस्टमनेम"मध्ये जेसन मजकूर अवतरणात गुंडाळून द्यावा लागायचा. १.२१.५ पासून नाव थेट लिहायचं, नाहीतर तो गुंडाळलेला मजकूरच नाव समजला जातो. रंगीत नाव हवं असेल तर महिरपी कंस उघडा लिहा, त्याभोवती अवतरण नको.

आला, आणि गायब झाला

पहिली पायरी: अडचणीची पातळी पीसफुल आहे का ते पाहा. पीसफुलमध्ये शत्रू मॉब टिकत नाहीत, कुठलाही टॅग लावला तरी. बिल्डिंग करताना पीसफुल ठेवायची सवय असलेल्यांचा राजा इथेच नाहीसा होतो.

दुसरी: अंतर. जावामध्ये शत्रू मॉबपासून सगळे खेळाडू १२८ ब्लॉकपेक्षा लांब गेले की तो तत्काळ काढून टाकला जातो. ३२ ब्लॉकच्या पलीकडे असेल तर काही काळाने योगायोगाने कधीही जाऊ शकतो. थांबवायचं असेल तर "पर्सिस्टन्सरिक्वायर्ड" हवाच. इथे एक समज पक्का बसलेला आहे की नाव दिलं की मॉब टिकतो. नेमटॅगने नाव दिलं की टिकतो, कारण नेमटॅग लावताना गेम हा टिकण्याचा टॅगही लावतो. कमांडमध्ये नुसता "कस्टमनेम" लिहिला तर शत्रू मॉबला तसं संरक्षण मिळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे नेमटॅग लावलेल्या झॉम्बीचा डेटा मागवला असेल तर हे तुम्हाला तिथेच दिसलं असेल. गाय, मेंढी, डुक्कर यांना याची गरज नाही, ते अंतरामुळे जात नाहीत.

तिसरी: तो गायब झालेला नसतो, मेलेला असतो. झॉम्बी आणि स्केलेटन उन्हात जळतात. डोक्यावर काहीही असलं की जळत नाहीत, पण शिरस्त्राण उन्हाने झिजत जातं आणि एका दिवशी तुटतं. डोक्याच्या जागी न झिजणारी वस्तू ठेवा. दगडी बटण चालतं, आणि ते डोक्यात लपूनही जातं. नाहीतर झॉम्बीऐवजी हस्क वापरा, तो उन्हात जळत नाही. आकार वाढवलेला मॉब छताला लागत असेल तर डोकं ब्लॉकमध्ये अडकून गुदमरतो. सिंहासनाच्या दालनाला पुरेशी उंची द्या.

चौथी: त्याचं रूप बदललेलं असतं. झॉम्बी पाण्याखाली बराच वेळ राहिला की ड्राउन्ड होतो. पिगलिन आणि हॉग्लिन ओव्हरवर्ल्डमध्ये आणले की पंधरा सेकंदांत झॉम्बीरूप घेतात. त्यांना "इजइम्यूनटूझॉम्बिफिकेशन" लावा. डुकरावर वीज पडली तर झॉम्बिफाइड पिगलिन, गावकऱ्यावर पडली तर चेटकीण.

प्राण्यांची पिल्लं मोठी होतात ही तक्रारही याच जातीची. गाय-मेंढीच्या "एज"मध्ये -२४००० लिहिलं तर ते २० मिनिटांत शून्यावर येतं, कारण गेम सेकंदाला २० टिक चालतो. पिल्लू पिल्लूच राहावं असं वाटत असेल तर -२०००००००० सारखा मोठा ऋण आकडा द्या, कित्येक महिने सलग खेळल्यावरच ते मोठं होईल. झॉम्बीला वयच नाही. त्याच्यासाठी "इजबेबी" हा साधा टॅग आहे आणि तो कायम टिकतो.

गावकरी आपला धंदा विसरतो

खास दुकानदार बनवलात, सौदे लिहिले, आणि थोड्या वेळात तो बेरोजगार होऊन भटकायला लागला. ज्याची पातळी १ आहे, अनुभव शून्य आहे आणि ज्याला कामाचा ब्लॉक मिळालेला नाही, अशा गावकऱ्याचा धंदा गेम काढून घेतो. "व्हिलेजरडेटा"मध्ये पातळी २ किंवा जास्त लिहा, किंवा "एक्सपी" १ द्या. मग कामाचा ब्लॉक नसला तरी त्याचा धंदा टिकतो. सौद्यांतल्या वस्तूंनाही १.२०.५ चा नियम लागू आहे. जुन्या मांडणीतल्या वस्तू नव्या आवृत्तीत नीट वाचल्या जात नाहीत.

एकाऐवजी शंभर आले

रिपीट कमांड ब्लॉक नेहमी चालू ठेवून त्यात समन लिहिलं तर सेकंदाला २० मॉब येतात, आणि गेम गुदमरतो. सगळे एकदम काढायचे तर किल कमांडला तुमचा टॅग (टॅग्जमध्ये लिहिलेली खूण) द्या. टॅग न देता सगळ्या एंटिटी मारल्या तर चित्रं, गाड्या आणि पाळीव कुत्रेही जातात. म्हणूनच मी प्रत्येक समनमध्ये टॅग लावायला सांगतो.

आधीचा जिवंत असेपर्यंत नवा येऊ नये यासाठी "एक्झिक्यूट अनलेस एंटिटी" वापरतात: त्या टॅगचा कुणी नसेल तरच समन चालव. हे बरोबर आहे, पण याने एक नवा घोटाळा होतो. निवडकाला फक्त लोड झालेल्या चंकमधले (जगाच्या चौकोनी तुकड्यांमधले) मॉब दिसतात. राजा खेळाडूच्या मागे धावत लांब गेला, त्याचा चंक बंद झाला आणि कमांड ब्लॉकचा चंक चालूच राहिला, तर गेमच्या दृष्टीने राजा नाही. दुसरा येतो. खेळाडू परत फिरला की दोन राजे. यावर भरवशाचा उपाय एकच: राजा जिवंत आहे की नाही हे स्कोअरबोर्डमध्ये (गेमच्या आकडे साठवण्याच्या सोयीत) लिहून ठेवा आणि समन त्या आकड्यावर ठरवा. आकडा चंकवर अवलंबून नसतो.

आधीच असलेल्या मॉबमध्ये बदल

त्याच मॉबला मारून पुन्हा बोलावण्याची गरज नाही. "डेटा मर्ज" जिवंत मॉबचे टॅग बदलतं. फक्त एका वेळी एकच मॉब चालतो. निवडकात अनेक बसू शकत असतील तर कमांड नाकारली जाते, प्रत्यक्षात एकच असला तरी. एक तर "लिमिट=१" लिहा, किंवा "एक्झिक्यूट ॲज" ने सगळ्यांवरून फिरवून आतल्या कमांडमध्ये "@एस" (म्हणजे त्या फेरीतला तोच मॉब) वापरा. खेळाडूचा डेटा मात्र या मार्गाने बदलता येत नाही. त्याच्यासाठी ॲट्रिब्यूट, इफेक्ट आणि आयटम या कमांड आहेत.

एंडर ड्रॅगन बोलावला आणि तो हवेत जागच्या जागी लटकून राहिला, असं झालं तर त्याला "ड्रॅगनफेज" ० द्या. समनने आलेला ड्रॅगन आपणहून फेऱ्या मारायला लागत नाही.

लांब कमांड कुठे ठेवायची

मॉब पाच-सहा तुकड्यांपेक्षा मोठा झाला की कमांड ब्लॉकमध्ये एका ओळीत ती कमांड वाचणं अशक्य होतं. डेटापॅकमधल्या (जगाला जोडायच्या फाइलींच्या संचातल्या) फंक्शन फाइलमध्ये ठेवा. तिथे सुरुवातीची तिरकी रेघ लिहायची नाही, # ने सुरू होणाऱ्या ओळीत टिपणं लिहिता येतात, आणि १.२०.२ पासून ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देऊन एक कमांड अनेक ओळींत मोडता येते. प्रत्येक टॅग वेगळ्या ओळीवर आला की सुटलेला कंस लगेच दिसतो. फाइल बदलल्यावर रीलोड चालवा. एका ओळीत चूक असली तरी पूर्ण फंक्शन लोड होत नाही, आणि चुकलेल्या ओळीचा क्रमांक लॉग फाइलमध्ये मिळतो. फंक्शन सापडतच नसेल आणि डेटापॅक जुना असेल, तर फोल्डरचं नाव तपासा: १.२१ पासून "फंक्शन्स" नावाचा फोल्डर चालत नाही, ते एकवचनी "फंक्शन" लागतं.